वाचून दाखविले, कबूल केले

संपादक महाशयांनी पुण्याहून पत्र घातले की, इतकी वर्षे कुंभकोणमच्या कचेरीसमोर बसून तुम्ही लोकांचे अर्ज लिहिता, तेव्हा दिवाळी अंकासाठी त्या धंद्यातल्या चार गमती लिहून पाठवा. गमती आहेत; चारांहून पुष्कळ जास्त आहेत. दोन मी लिहिल्याही. तिसरीसाठी दौत उघडली तेव्हा ध्यानात आले की मी एक गोष्ट सोडून बाकीच्या लिहीत आहे, आणि ती सोडली तर उरलेल्या सगळ्या खोट्या वाटतात. निदान मला. म्हणून तीच लिहितो. माझी मराठी तुमच्याकडच्या वाचकांना पणजोबांच्या पेटीतून काढल्यासारखी वाटेल, त्याला इलाज नाही. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांमागून इकडे आले. राजे गेले, आम्ही राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि पोटासाठी इंग्रजी.

अर्जनवीस म्हणजे काय ते आधी सांगतो. कचेरीसमोरच्या एका घराला रुंद ओटा आहे. इथे त्याला तिण्णै म्हणतात. त्यावर चटई, उतरत्या झाकणाची पेटी, दौत, दोन टाक, टीपकागद आणि मी. ज्याला सरकारकडे काही मागायचे आहे पण सरकारची भाषा येत नाही, तो माझ्यासमोर उकिडवा बसतो. तो तमिळीत सांगतो, मी इंग्रजीत लिहितो. ज्या मामांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणत, "बाबा, अर्जाला डोके, पोट आणि शेपूट असते. डोक्यात साहेबाला चढव, पोटात अर्जदाराला पाड, शेपटीत नमस्कार घाल." खरी कला पोटात. अर्जदार जितका खाली पडेल तितके बरे. विधवेला दोन मुले असली तर 'पुष्कळ अर्भके' लिहायचे. छप्पर गळत असले तर 'कोसळले' लिहायचे. आणि शेपटीच्या खाली एक ठरलेली ओळ: 'वरील मजकूर अर्जदारास त्याच्या भाषेत वाचून दाखविला, त्याने समजून कबूल केला.' तिच्याखाली अर्जदाराचा अंगठा आणि अंगठ्याशेजारी माझी सही.

ती ओळ मी सकाळी आल्या आल्या दहाबारा कोऱ्या कागदांच्या तळाशी लिहूनच ठेवत असे. वेळ वाचतो. माझ्या आजूबाजूला बसणारेही असेच करीत. वाचून कोणी दाखवीत नसे. दाखवून काय करायचे? अर्जदाराला भात हवा, जमीन हवी, जावयाची बदली हवी. त्याला मजकूर कशाला हवा?

आंधळ्यापांगळ्यांचे अर्ज माझ्याचकडे का येऊ लागले, त्याला कारण पक्किरी. पक्किरी शेजारच्या तिरुनागेश्वरमचा. दोन्ही पाय लहानपणीच तापात गेलेले. चार लाकडी चाकांच्या फळीवर बसून, दोन हातांत दोन ठोकळे धरून तो रस्त्याने असा सुटे की बैलगाडीवाले शिव्या देत. पुष्य नक्षत्रावरच्या, म्हणजे पूसाच्या, उत्सवाला त्याला आगगाडीने तिरुविडैमरुदूरला जायचे होते. गार्ड म्हणाला, माणूस डब्यात बसेल, फळी सामानात जाईल. पक्किरी माझ्या ओट्याखाली येऊन ओरडला, "रायर, मी माणसांच्या डब्यात आणि माझे पाय गाठोड्यांच्या डब्यात? उतरल्यावर ते मला ओळखतील का?" (आम्हा मराठी देशस्थांना इकडे सरसकट रायर म्हणतात.) मी त्याचा अर्ज लिहिला. महिनाभराने रेल्वेच्या कोण्या गंभीर साहेबाचे उत्तर आले: सदर फळी ही उतारूची पादत्राणे समजण्यात यावी. तो कागद पक्किरीने मेणकापडात गुंडाळून छातीशी बांधला आणि गार्ड दिसला की तो न मागताही दाखवू लागला.

तेव्हापासून पक्किरी माझा वकील झाला. की मी त्याचा, ते देव जाणे. लांबूनच हाक येई, "सामी, गिऱ्हाईक आणलंय!" खूष असला की सामी, रागावला की रायर. त्याने आणलेले ते गिऱ्हाईक म्हणजे कधी मुका कुंभार, कधी महारोगातून उठलेला, बोटे गेलेला विणकर. माझ्याइतके दुःख इंग्रजीत कोणाला उतरवता येत नाही अशी पेठेत ख्याती झाली होती. मला तिचा अभिमान होता. तो लपवीत नाही.

एका दुपारी त्याने सेंबगमला आणले.

सेंबगम पंडारम जातीची, चाळिशीची, एकटी. पंडारम म्हणजे देवळासाठी फुले ओवणारे लोक. चार वर्षांची असताना देवी आल्या आणि दोन्ही डोळे घेऊन गेल्या. आमच्या पेठेतल्या एका देवळात फुलांचा मंडप आहे. तिथे पहाटे बसून देवाच्या माळा बांधण्याचा हक्क तिच्या बापाचा. बापाने तो तिला आणि पुतण्या गोविंदनला निम्मानिम्मा दिला होता. सेवेबद्दल सकाळी प्रसादाचा भात मिळे. दुपारचे जेवण गोविंदनच्या घरी, आणि तिथे तिला वाढताना भांडी फार वाजत. राजांच्या वेळचे एक अन्नछत्र गावात अजून, आता सरकारी देखरेखीखाली, चालते. त्या साली तिथे नवा नियम निघाला की अपंगांना दुपारचा भात मिळेल, पण लेखी अर्ज मंजूर झाल्यावर.

मी विचारले, "दिसत कधीपासून नाही?" तिने सांगितले. "काम?"

"फुलं बांधते, रायर. देवळात."

तिने सांगितले. मी ऐकले. ही दोन वाक्ये मी मुद्दाम वेगळी लिहितो, कारण पुढे मी वागलो ते जणू यांतले एकही घडले नव्हते असे. मनात म्हटले, काम आहे असे लिहिले तर भात कसा मिळेल? आणि मामांचे पोट आठवून लिहून टाकले: जन्मापासून ठार आंधळी, कोणतेही काम करण्यास सर्वथा असमर्थ, केवळ भिक्षेवर जगणारी. कचेरीची मधल्या सुटीची घंटा झाली होती आणि मला भूक लागली होती.

"काय लिहिलंत?" तिने विचारले.

"तुला भात मिळेल असं लिहिलं."

ती हसली. अंगठा पुढे केला. मी तो शाईत बुडवून त्या आधीच लिहिलेल्या ओळीखाली टेकवला.

भात मिळू लागला. पक्किरीने मला वेलची केळी आणून दिली. चार महिन्यांनी देवळाच्या धर्मकर्त्यांचे, म्हणजे विश्वस्तांचे, बोलावणे आले. धर्मकर्ते मुदलियार, कडक, पण वाईट मनुष्य नव्हे. त्यांच्या ओसरीवर गोविंदन उभा होता, हातात माझ्या अर्जाची नक्कल. खांबाशी सेंबगम बसली होती. गोविंदनचे म्हणणे सरळ होते: हिने स्वतःच सरकारला लिहून दिले आहे की आपण कोणतेही काम करू शकत नाही; तर मग देवाची सेवा हिच्याकडे कशी? सगळी सेवा मला आणि माझ्या बायकोला द्यावी.

मुदलियारांनी मला एकच प्रश्न केला. "रायर, हा मजकूर तुम्ही तिला वाचून दाखवला होता?"

'नाही' म्हणायला काय लागले असते? एक शब्द. पण त्या एका शब्दामागे माझ्या सहीचे वीस वर्षांचे अर्ज उभे होते, सगळ्यांच्या तळाशी तीच ओळ. कचेरीत कळले तर? ओट्यावरच्या लोकांना कळले तर? मी म्हणालो, "हो. वाचून दाखवला. तिने कबूल केला."

सेंबगमने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवले. मग म्हणाली, "रायर म्हणतात तर तसंच असेल."

तिची सेवा गेली.

बाहेर पायरीशी पक्किरी थांबला होता. आत काय झाले ते त्याला माझ्याआधी कळले असावे. तो म्हणाला, "रायर, मला पाय नाहीत, तिला डोळे नाहीत, तुम्हाला जीभ नाही. चला, तिघं मिळून छत्रात जेवू. तुमचा अर्ज मी सांगतो." त्यानंतर त्याने गिऱ्हाईक आणणे बंद केले. ओट्यावरून त्याच्या चाकांचा खडखड आवाज ऐकू येई. समोरून जाई, थांबत नसे.

मी काय केले? सहा महिने काहीही नाही. अर्ज लिहिले. छत्राची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने घरी जाऊ लागलो. आमच्या कुटुंबाने एकदा विचारले, "त्या गल्लीत वाघ बांधलाय का कोणी?" मी म्हटले, तिकडे चिखल असतो. "चैत्रात?" ती म्हणाली, आणि पुढे विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. माझ्यासारख्या माणसाला कोणी तरी दोनदा विचारावे लागते.

मग एका दुपारी छत्राच्या कारकुनाने त्याच्या स्वतःच्या बदलीच्या अर्जासाठी मला तिथेच बोलावून घेतले. पंगत उठत होती. सेंबगम भिंतीशी बसली होती. वाढपी मला पाहून म्हणाला, "हिला काही तरी सांगा, सामी. रोज जेवण झालं की पान फाडत बसते. उष्ट्या पानाच्या चिंध्या कोणी आवरायच्या?"

मी पाहिले. केळीच्या पानाच्या बारीक पट्ट्या काढून ती एकीला दुसरी गाठ मारीत होती. दोन इकडे तोंड करून, दोन तिकडे, मध्ये बोटाचा फास, ओढ. पुन्हा दोन इकडे, दोन तिकडे. फुले नव्हती. हाताएवढी लांब माळ झाली होती, आणि तिच्यात हिरव्या चिंध्यांखेरीज काही नव्हते. तो कारकुनाचा अर्ज मी कसा लिहिला ते आठवत नाही. त्याची बदली झाली नाही, इतके मात्र आठवते.

दुसऱ्या दिवशी मी पक्किरीला वाटेत गाठले आणि म्हणालो, "तिला ओट्यावर आण." त्याने ठोकळे टेकून फळी थांबवली. "कोणता कागद?" "माझा," मी म्हणालो. "अर्जदार मी."

धर्मकर्त्यांना लिहिलेला तो अर्ज माझ्या आयुष्यातला पहिला, ज्यात मी स्वतःसाठी काही लिहिले. अर्जात असे होते की मजकूर वाचून दाखवला नव्हता, आणि वाचून दाखवला होता असे मी त्यांच्या ओसरीवर खोटे सांगितले. त्यापुढे सेंबगमबद्दल लिहायचे होते. ते मी एकेक वाक्य तमिळीत वाचून दाखवू लागलो, आणि माझ्या वीस वर्षांच्या कलेची त्या सकाळी पिसे निघाली.

"'दैवाने जिच्यावर घोर अन्याय केला अशी ही दुर्दैवी स्त्री...'"

"हे कोण?" सेंबगमने विचारले.

"तू, अम्मा."

"काढा. दिसत नाही असं लिहा. तेवढंच आहे."

मी खोडले. "'जिच्या हाताची माळ साऱ्या तंजावर प्रांतात अद्वितीय...'"

"रायर, परत सुरू झालं तुमचं!" पक्किरी खालून ओरडला.

"मोगऱ्याची, कण्हेरीची, तुळशीची बांधते," ती म्हणाली. "कमळाची नीट जमत नाही, पाकळ्या चुरगळतात. तेही लिहा."

"ते कशाला लिहायचं?"

"उद्या कमळं पुढे टाकून बांध म्हणाले तर?"

मी लिहिले. मग मला सुचले की गोविंदनच्या बायकोची माळ संध्याकाळपर्यंत गळते, हे सगळे गाव बोलते, ते घालावे. सेंबगमने हात वर केला. "नको. तिला दोन तान्ही आहेत. पहाटे एकाला पाजत पाजत ओवते. तुम्ही ओवून बघा."

दोन तास गेले. अर्ज अर्ध्या पानाचा झाला. त्यात डोके नव्हते, पोट नव्हते, शेपूट जेमतेम. खालची ओळ मी शेवटी, तिच्यासमोर लिहिली. तिने विचारले, "आता काय लिहिताय?" मी सांगितले. ती म्हणाली, "हां. हे खरं आहे."

मुदलियारांनी कागद दोनदा वाचला. गोविंदनही आला होता. "रायर," ते म्हणाले, "तुमचं तेव्हाचं खरं की आताचं?"

"आताचं."

"मग तुमच्या सहीचे बाकीचे अर्ज?"

"त्यांतलेही फारसे वाचून दाखवलेले नाहीत."

गोविंदन म्हणाला, "म्हणजे हिचा आंधळेपणाही कागदावरचाच म्हणायचा का?" तेव्हा पायरीवरून पक्किरीचा आवाज आला, "तू तिला वाढ ना एकदा, भांडी न वाजवता. मग बघ, कळतं का तिला कुठं काय आहे ते."

मुदलियारांनी त्याला गप्प केले आणि सेंबगमकडे वळले. प्रश्न वाजवी होता. "असमर्थांचं जेवण जेवायचं आणि समर्थांची सेवा मागायची. दोन्ही कसं?"

ती उभी राहिली. "अय्या, मला दिसत नाही हे दुपारीही खरं आणि पहाटेही खरं. मला फुलं बांधता येतात हेही दोन्ही वेळा खरं. कागदावर त्यातलं एकच मावलं, त्याला मी काय करू?"

तीस वर्षे होत आली मला लिहायला लागून. इतका चांगला अर्ज मी लिहिलेला नाही.

मुदलियारांनी तिची निम्मी सेवा तिला परत दिली. छत्राचा भात मात्र पुढे बंद झाला. मी तिथेही खरे लिहिले: पहाटे काम करते, दुपारचे अन्न नाही, दृष्टी नाही. त्यावर शेरा आला की काम करणारीस छत्राचे साहाय्य देता येत नाही. खऱ्याचा तो तोटा. त्या शेऱ्याविरुद्ध मी अजून अर्ज करतो, दरवर्षी एक, तिला वाचून दाखवून. सध्या ती गोविंदनच्याच घरी जेवते. भांडी कमी वाजतात म्हणते.

आणि माझे? मुदलियारांनी देवळाच्या कोणत्याही कामात माझी सही चालणार नाही असे सांगितले, ते आजतागायत. कचेरीत बातमी गेलीच. तेथील हेडक्लार्काने पावसाळाभर माझे अर्ज परत पाठवले. शेजारच्या ओट्यावरचा तेलुगू अर्जनवीस पंतुलु तर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा म्हणाला, "रायर, तुझ्यापायी आता जो येतो तो म्हणतो, वाचून दाखवा! दिवसाला चार अर्ज होत नाहीत." माझेही होत नाहीत. कारण वाचून दाखवले की माणसे मजकूर बदलतात. बोटे गेलेल्या विणकराने 'सर्वथा निरुपयोगी' हे शब्द काढायला लावले. म्हणाला, सामी, हे माझ्या सासुरवाडीला कळलं तर? मुका कुंभार आला की त्याची बहीण मधे बसते. मी वाचतो, ती हातांनी सांगते, तो मान हलवतो किंवा माझा कागद उलटा करून ठेवतो. उलटा ठेवला की मी नवा घेतो. पक्किरी पुन्हा गिऱ्हाईक आणतो. आता कानडी, तेलुगू मुलखातूनही, यात्रेला आलेले, त्याला कुठे कुठे भेटतात. काम संथ चालते आणि मला ते आवडते. वाईट वाटते ते एकाचेच: त्या वीस वर्षांत ज्यांनी अंगठे दिले आणि मी काय लिहिले ते ज्यांना कधी कळले नाही, त्यांचे. त्यांतल्या किती जणांचे काय काय गेले असेल हे मला माहीत नाही. ते कोणी मला विचारायला आले नाहीत. कसे येतील?

सेंबगमची मी क्षमा मागितली नव्हती. अर्जात चूक कबूल करणे वेगळे. तिची सेवा परत सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, चार वाक्ये मनात जुळवून, मी एका पहाटे फुलांच्या मंडपाशी गेलो. आत दोन बायका बसल्या होत्या. सेंबगम आणि तिच्या शेजारी गोविंदनची बायको, मांडीवर धाकटे. मधे फुलांचा ढीग, दारालगतच्या कोनाड्यात एक दिवा. मी दारात उभा राहिलो आणि सुरुवात केली, "अम्मा, त्या दिवशी मी ओसरीवर..."

"रायर," सेंबगम हात न थांबवता म्हणाली, "दिव्यासमोरून बाजूला व्हा. हिला दिसत नाही."

मी बाजूला झालो. गोविंदनची बायको पदर तोंडाला लावून हसली. माझी उरलेली तीन वाक्ये कुठे गेली कोण जाणे.

"आलाच आहात तर बसा," सेंबगम म्हणाली. "तुळस निवडायची आहे. मंजिऱ्या वेगळ्या, पानं वेगळी."

मी धोतर सावरून बसलो आणि निवडू लागलो. मूल झोपले. काही वेळाने तिने हात लांब करून माझा ढीग चाचपला, एक मूठ उचलली, बोटांनी घोळवली आणि परत माझ्यापुढे टाकली.

"देठं राहिलीत," ती म्हणाली.

मी पुन्हा निवडायला घेतली.